पल्याडच्या नदीचा डावा फाटा

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

आधी एक दुरुस्ती. सोमवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की सॉफ्टवेअरने नदीचा डावा फाटा खाल्ला. ते खरं नाही. फाटा मी स्वतः पुसला. खोडरबर निवडला, जाडी बारावर ठेवली आणि वाकणापासून केसुला गावापर्यंतची नदी तीन फटक्यांत नाहीशी केली. मग सेव्ह केलं. नंतर वाईट वाटलं, म्हणून दोष यंत्रावर टाकला. वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची, असं आत्या म्हणायची.

पुसण्याचं कारणही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते बदलता येणार नाही. नागपूरची एक छोटी कंपनी काल्पनिक देशांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बनवते. गोष्टी लिहिणारे आणि खेळ रचणारे लोक ते वापरतात. त्याची मराठी मदतपानं लिहायचं काम जुलैपासून माझ्याकडे आहे: काय बिघडतं, कसं दुरुस्त करायचं, नकाशा खरा वाटावा म्हणून काय करावं. पानांसोबत एक नमुना-नकाशा द्यायचा होता. मला दुसरा कुठलाच देश येत नाही, म्हणून मी पल्याड काढला.

पल्याड हा कोकिळा आत्याचा देश. बाबांची धाकटी बहीण. आम्ही कालव्यावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, बाबा तिथे चौकीदार होते. शाळा पाच किलोमीटरवर आणि पावसाळ्यात रस्ता बंद, म्हणून चौथीपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं. पल्याडमध्ये ‘आरसा’ नावाचं तळं आहे. त्यातून ओढाळ नदी निघते, एका वाकणापुढे तिचे दोन फाटे होतात आणि डावा फाटा केसुलाला जातो.

सोमवारी रोशनदादाचा फोन आला. कंपनीत तो माझं काम तपासतो.

“नयन, सातव्या सूचनेत तूच लिहिलं ना, नद्या मिळतात, फुटत नाहीत?”

“हो.”

“मग तुझी ओढाळ मधातच कशी फुटली? समुद्राजवळ फुटली असती तर चाललं असतं. इथं लोक स्क्रीनशॉट काढून हसतील ना यार.”

त्याचं बरोबर होतं. पाणी उताराकडे जातं आणि सगळ्यात खोल वाट एकच असते. मी सूचना लिहिताना हे पाच ठिकाणी तपासलं होतं. फक्त माझ्या नकाशात तपासलं नव्हतं. आत्याने चुकीचा भूगोल शिकवला, असा विचार मनात आला आणि त्याचीच लाज जास्त वाटली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दिवसभर अडचणी आणि उपाय. आज सहा पूर्ण झाले.

नकाशा छापायला काढला की पांढरा कागद येतो: चित्र फार मोठं मागितलंय, आकार निम्मा करा. डोंगर गावांच्या नावांवर चढतात: नावांचा थर सगळ्यांत वर न्या. नकाशा दुसऱ्या दिवशी सापडत नाही: तो ब्राउझरच्या आठवणीत होता आणि तुम्ही ब्राउझर साफ केला. हा उपाय लिहिताना मी तीन वाक्यं खोडली, कारण याला उपायच नाही. शेवटी लिहिलं, “गेलेला नकाशा परत येत नाही. यापुढे दर वेळी फाइल उतरवून घ्या.” हे फार कठोर वाटतं का? पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट.

मला स्वतःला पल्याडचा कागद आठवून काढावा लागला. मूळ नकाशा कालव्याच्या जुन्या नोंदवहीच्या पाठकोऱ्या पानावर होता. आत्या वजाबाकी त्याच्यावरच शिकवायची. आरशावरून सतरा नावा निघाल्या, नऊ उजवीकडे गेल्या, केसुलाला किती पोचल्या? मी आठ म्हटलं की ती म्हणायची, “नऊ. एकीत मी आहे, ती मोजायची राहिली.” हे गणित चूक आहे असं मी दर वेळी सांगायची आणि ती दर वेळी हसायची.

तो कागद कुठे गेला माहीत नाही. आत्या घर सोडून गेली त्याच दिवसांत तोही गेला. मी नऊ वर्षांची होते. ती मला न सांगता गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. ते माझ्या कामाबद्दल कधी विचारत नाहीत.

“हे काय काढून राह्यली?”

“नमुना आहे, बाबा. खोटा देश.”

ते बराच वेळ पाहत राहिले. मग पडद्याला बोट लावलं, “हे वाकण अजून खाली पाह्यजे. अन् डावा फाटा कुठी गेला?”

“पुसला. नद्या फुटत नाहीत.”

“कोन म्हनते?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकवाल्याले एक खेप कालव्याचं गेट उचलाले लावा.” चहा संपवून ते अंगणात गेले.

बाबांना सगळीकडे कालवाच दिसतो. पस्तीस वर्षं तेच पाणी पाहिलंय. डावा फाटा होता हे त्यांना कसं कळलं, हा प्रश्न नंतर पडला. मी जेवायला उठले असताना कधी तरी पडद्यावर पाहिला असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कंपनीने मदतपानं वीस जणांना आधी वापरून पाहायला दिली आहेत. त्यात उमरखेडची एक मुलगी आहे, खुशी, नववीत शिकते. तिची पत्रं लांब असतात आणि शेवटी नेहमी “राग आला असेल तर सॉरी” असतं. मागच्या आठवड्यात तिने समुद्राची पातळी चुकून वर ओढली आणि तिची राजधानी बुडाली. मी पट्टी खाली कशी आणायची ते सांगितलं. राजधानी वर आली, पण तिने ठेवलेलं देऊळ आता चिखलात आहे म्हणाली. ते तसंच ठेव, जागेला इतिहास आला, असं मी लिहिलं. हे उत्तर मला स्वतःला आवडलं.

आज तिने विचारलं, “ताई, तुमच्या नकाशात केसुला गाव आहे पण तिथे नदी नाही, रस्ता नाही, विहीर नाही. तिथली माणसं पाणी कुठून आणतात? तिथे कोणी जातं का? राग आला असेल तर सॉरी.”

गावाला पाणी दाखवा, ही माझीच तिसरी सूचना आहे. एक सूचना पाळायला गेले आणि दुसरी मोडली.

मी तिला उत्तर दिलेलं नाही. केसुलाशेजारी विहीर काढून पाहिली. लहानपणी आत्या आणि मी खेळात नावेतून ज्या गावाला जायचो, तिथे आता पोहऱ्याने पाणी काढताहेत. विहीर पुसली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेल्या चार दिवसांत नवा देश तयार केला. पल्याडचा वापर करायचाच नाही असं ठरवलं होतं. नियमाप्रमाणे केला: आधी जमिनीची उंची, मग वारा कुठून येतो, डोंगराच्या ज्या बाजूला पाऊस अडतो तिथे जंगल, पलीकडे कोरडं माळरान. तीन नद्या, तिन्ही मिळणाऱ्या. घाटाच्या तोंडाशी बाजार, नदीच्या मुखाशी बंदर. कुठेही एकही चूक नाही. दोनदा तपासलं.

रोशनदादाला पाठवला. पाच मिनिटांत फोन.

“बरोबर आहे सगळं.”

“मग?”

“अगं, बरोबर आहे, पण तिथं कोणी जाणार नाही. सरकारी बगीच्यासारखा दिसून राह्यला. तो आधीचाच दे, पल्याड. फक्त नदीचं तेवढं बघ. पंधरा डिसेंबरला पानं सगळ्यांसाठी उघडतो आपण.”

“दादा, तो देश माझा नाही. माझ्या आत्याचा आहे. तिला विचारावं लागेल.”

“परवानगी? खोट्या देशाची?”

“देश खोटा आहे. काढणारी खरी आहे.”

तो हसला. “मग लाव ना फोन आत्याला. दोन मिनिटांचं काम.”

मी हो म्हटलं. पंधरा वर्षं आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही, हे त्याला सांगितलं नाही. ते काही मदतपानांशी संबंधित नव्हतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही बसले. बाबा बाजारात गेले होते. मी विचारलं, आत्या कुठे असेल ग.

आईने मान वर केली नाही. “पांढरकवड्याले. हायवेवर रामधनचं टायरचं दुकान हाय.”

रामधन राठोड कालव्याच्या डाव्या फाट्यावरच्या चौकीवर होता. दर तिसऱ्या दिवशी सायकलने यायचा, बाबांच्या वहीतले पाण्याचे आकडे त्याच्या वहीशी जुळवायचा आणि जायचा. मला गोळ्या आणायचा. आत्या त्याच्याबरोबर गेली, हे मला बाभुळगावच्या शाळेत मुलींकडून कळलं.

“तुला कसं माहीत?”

“नंबर हाय माह्याजवळ. तू बारावीत पयली आलती, पेपरात फोटो आलता, तवा तिनंच फोन केलता. नयन मोठी दिसून राह्यली म्हने.”

“सहा वर्षं झाली. मला सांगितलं का नाहीस?”

“तुनं कधी इचारलं?”

खरंच विचारलं नव्हतं. मी शेंगा सोलत राहिले. दोनदा दाणे सालांत टाकले आणि सालं पातेल्यात.

“बाबांना माहीत आहे?”

“त्याह्यले काय सांगू. ते इचारत नाही, मी सांगत नाही.” मग पातेलं माझ्याकडे सरकवून म्हणाली, “पोट्टी कामाची नाही तू. जाय, नंबर लिहून घे.”

लिहून घेतला. लावला नाही. काय म्हणणार? आत्या, मी नयन, तुझी नदी चुकली आहे?

रविवार, ३० नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

अकरावी सूचना लिहीत होते. चित्रकारांचा एक उपाय आहे, नकाशावर फार दिवस काम केलं की डोळे सरावतात आणि चुका दिसत नाहीत. तेव्हा नकाशा उलटा फिरवून पाहायचा. डोंगर सारखे झालेत का, एक बाजू रिकामी राहिली का, लगेच कळतं. सूचना लिहिण्याआधी मी प्रत्येक गोष्ट करून पाहते. डावा फाटा असलेली ऑक्टोबरमधली जुनी फाइल उघडली आणि फिरवली.

वरची बाजू खाली आली आणि मी ओरडलेच असते. तो आमचा कालवा होता.

आरसा म्हणजे धरण. त्याची एक कड सरळ का, हे मला कधी कळलं नव्हतं. आठवून काढतानाही मी ती सरळच काढली होती. वाकण म्हणजे गिट्टीच्या खाणीजवळचं वळण. दोन फाटे होतात तिथे आत्याने एक दीपघर काढलं होतं. आमची क्वार्टर बरोबर तिथेच. नदी फुटत नाही, कालवा फुटतो, आणि फुटतो तिथे गेट असतं, आणि गेटाजवळ आम्ही राहायचो. मी त्याच्याशिवाय दुसरं पाणी पाहिलंच नव्हतं, म्हणून मला त्या नदीत काही चूक दिसली नाही. आणि डाव्या फाट्याच्या शेवटी, केसुला आहे तिथे, रामधनची चौकी.

पुढचं लिहायला मी तीनदा उठले आणि तीनदा बसले.

आत्या मला न सांगता गेली, असं मी ८ तारखेला लिहिलं आहे. ते चूक आहे. तिने मला सांगितलं होतं. केसुलावर बोट ठेवून म्हणाली होती, “मी इथं राहायला जाणार. घर झालं की तुलाही नेईन. पण हे आपल्या दोघींत.” मला वाटलं खेळातलं आहे. त्याच संध्याकाळी मी कागद बाबांना दाखवला. मला नकाशा वाचता येतो हे त्यांना दिसावं म्हणून. मी म्हणाले, आत्या इथे राहायला जाणार आहे, मलाही नेणार आहे.

बाबांनी कागद हातात घेतला आणि उलटा धरला. मला वाटलं त्यांना नकाशा कळत नाही. मी सांगितलं सुद्धा, बाबा, उलटा धरलाय. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

आठ दिवसांत पाहुणे आले आणि आत्याचं लग्न ठरलं. त्यानंतर एका सकाळी ती नव्हती. घराबाहेर पडताना तिच्या हातात काही नव्हतं, म्हणजे घाईत गेली. घाई माझ्यामुळे झाली.

मंगळवार, २ डिसेंबर

रविवारची नोंद पुन्हा वाचली. दोन गोष्टी मला खात्रीने माहीत नाहीत. हातात काही नव्हतं, हे आईच्या बोलण्यावरून लिहिलं, मी पाहिलं नव्हतं, झोपले होते. आणि लग्न माझ्यामुळेच ठरलं की आधीपासून चाललं होतं, तेही माहीत नाही. बाकी सगळं बरोबर आहे.

खूप आठवण येते. तिचा चेहरा येत नाही, आवाज येतो. वजाबाकी करताना ती उसने घेतलेल्या दहाला “शेजारणीकडून आणले” म्हणायची. मी अजून मनात तसंच म्हणते.

गुरुवार, ४ डिसेंबर

डावा फाटा परत काढला. बाबांनी म्हटलं तसं वाकण थोडं खाली घेतलं. मग दोन्ही फाटे आपोआप जागेवर बसले. खुशीला उत्तर पाठवलं की केसुलाला पाणी आहे, ते पुसणारी मी होते.

सातवी सूचना बदलली. आता ती अशी आहे: “नद्या मिळतात, फुटत नाहीत. तुमच्या नकाशात पाणी मध्येच फुटत असेल, तर ते कोणी तरी खणून नेलेलं आहे. ते कोणी खणलं, फाट्यावर कोण राहतं आणि पाणी कोणासाठी सोडतं, हे ठरवा. मग तिथे एक घर काढा.”

रोशनदादाने वाचून अंगठा पाठवला. मागाहून विचारलं, “आत्या हो म्हणाली ना?”

“अजून नाही,” लिहिलं. शुक्रवारी, म्हणजे बारा तारखेला, तो फाइल बंद करतो. त्याआधी तिचं हो किंवा नाही यायला हवं. नाही आलं तर पानं नकाशाशिवाय जातील, तेही त्याला लिहिलं. त्याने मला वेडी म्हटलं.

संध्याकाळी अंगणात, आत्याला दाखवायला म्हणून कापडावर छापलेला नकाशा वाळत घातला होता. शाई ओली होती. बाबा जवळ जाऊन वाकून वाचत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “केसुला म्हनजे पळसाचं फूल. बंजारा तांड्यावरची बोली हाय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“रामधन म्हने तसं,” ते म्हणाले आणि घरात गेले. पंधरा वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. रागाने घेतलं की कसं, हे मला ठरवता आलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

फोन करणार नाही. फोनवर ती हो म्हणेल, ती कोणालाही हो म्हणायची. मला तिच्यासमोर नकाशा ठेवायचा आहे आणि तिला तो बघताना बघायचं आहे. आणि आधी दुसरं सांगायचं आहे. क्रम असा: पहिल्यांदा, मी बाबांना सांगितलं होतं. दुसऱ्यांदा, नकाशा वापरू का. उलट क्रमाने विचारलं तर ते परवानगी मिळवून मग कबुली दिल्यासारखं होईल.

जेवताना मी म्हणाले, उद्या पांढरकवड्याला जाणार आहे. आईने भाकरी वाढता वाढता हात थांबवला. बाबा जेवत राहिले. मला वाटलं ते उठून जातील.

“उद्या नको जाऊ,” ते म्हणाले.

“का?”

“सोमवारी ट्रकवाल्याइची गर्दी रायते. तिले बोलाले सवड नाही भेटत. मंगळवारी दुकान बंद ठेवते तो. दोघंयी घरीच रायतात.”

आईने हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

“सकाळी सातच्या गाडीनं यवतमाळ. तिथून पांढरकवड्याची गाडी. नाक्यावर नको उतरू, एक थांबा पुढं उतर. दुकानाच्या समोर चहाची टपरी हाय, बाकडं हाय, तिथून सारं दिसते. घर मागच्या अंगाले. निळं दार.”

“बाबा, तुम्ही येता?”

“मी कायले,” ते म्हणाले. मग वरण मागितलं. वरण ताटात होतंच.

त्यांना एवढं कोणी सांगितलं असेल? बाजारात पांढरकवड्याचे लोक येतात, त्यांच्यापैकीच कोणी असेल. मी विचारायला गेले तर ते कपाटात काही तरी शोधत होते, म्हणून परत आले.

आता आई सांगून गेली की बाबांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय, परवा सकाळपर्यंत पाहिजे म्हणून. मी विचारलं, कोणाचं लग्न आहे का. तिलाही माहीत नव्हतं.

मी जाणार: मंगळवार, ९ डिसेंबर, सकाळी सातची गाडी.